ससाण्याचा प्रश्न



पावसाळ्यात वाळपईस येणाऱ्या पाहुण्याला दोन गोष्टी प्रथम जाणवतात. एक म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत अहोरात्र कोसळणारा पाऊस. आणि दुसरी, त्या पावसात कोणाच्याही ओसरीवर चढून उभे राहण्याचा प्रत्येकाला असलेला अलिखित हक्क. सर आली की वाटसरू समोर दिसेल त्या घराच्या पायऱ्या चढतो. घरधनी त्याला पुसायला पंचा देतो, बसायला पाट सरकवतो. "आपण कुठले? कोणाकडे निघालात?" ही चौकशी होते ती पाऊस जरा ओसरू लागल्यावर. आधी आसरा आणि मग विचारपूस, हा आमच्याकडचा क्रम आहे. आणि तो कोणी कोणाला शिकविल्याचे मला आठवत नाही.

गेल्या श्रावणात मात्र या क्रमाविषयी विचार करण्याची पाळी माझ्यावर आली. शाळेत वादविवाद स्पर्धा होती आणि आमच्या एका तरुण शिक्षकाने विषय निवडला होता, 'परदेशातून जीव वाचविण्यासाठी आलेल्या माणसाला आपल्या देशाने आश्रय द्यावा काय?' एरवी अशा स्पर्धांतील भाषणे पाठ केलेली असतात आणि परीक्षकाला ऐकण्यापेक्षा घड्याळ पाहण्याचे काम अधिक असते. या खेपेस तसे घडले नाही.

विषयाच्या बाजूने नववीतील एक मुलगी बोलली. तिने शिबी राजाची कथा सांगितली. ससाण्याच्या भयाने एक कबुतर राजाच्या मांडीवर येऊन बसते. राजा त्याला अभय देतो आणि कबुतराच्या भारंभार आपले मांस कापून तराजूत घालतो. मुलीने कथा चांगली रंगविली. टाळ्या पडल्या. विरुद्ध बाजूने दहावीचा एक मुलगा उभा राहिला. तो आडवळणाच्या एका वाड्यावरून रोज चालत येणारा. त्याच्या घरच्यांनी काजू लावले, भात पिकवले, पिढ्या गेल्या. पण पायाखालची जमीन अजून त्यांच्या नावावर नाही. सत्तरीतील कितीतरी कुटुंबांची हीच कहाणी आहे, आणि २०२१ च्या जानेवारीत शेळ-मेळावलीला नियोजित आयआयटीच्या जागेवरून जो उद्रेक झाला त्याच्या मुळाशीही हेच दुखणे होते.

तो म्हणाला, "पावसात सापडलेल्याला ओसरी द्यावी हे मला मान्य आहे. पण ज्याची ओसरीच त्याच्या नावावर नाही, त्याने काय द्यावे? सगळे सांगतात की शिबीने कबुतर वाचविले. ससाण्याच्या पिल्लांनी त्या रात्री काय खाल्ले, हे कोणी सांगत नाही."

सभागृह स्तब्ध झाले. मी त्याला पहिले बक्षीस दिले. मुलीला दुसरे मिळाले, ती हिरमुसली नाही, पण जाताना म्हणाली, "सर, त्याचा प्रश्न बरोबर होता. पण म्हणून कबुतर परत द्यायचे का?" उत्तर मला त्या क्षणी सुचले नाही. आजचा हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम त्या मुलाची बाजू घेऊन बोलतो, कारण ती वाटते तितकी स्वार्थी नाही. महाभारतातील त्या कथेत ससाणा खोटे बोलत नाही. माझे भक्ष्य तू हिरावून घेतलेस तर मी आणि माझी पिल्ले उपाशी मरू, एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्यांना मारणे हा कुठला धर्म, असा त्याचा रोकडा सवाल आहे. शिबी त्याला दटावीत नाही, हाकलूनही देत नाही. तो ससाण्याचा हक्क मान्य करतो आणि मगच तराजू मागवितो. ही गोष्ट आपण मुलांना सांगताना बहुधा गाळतो. कथेतील राजा थोर ठरतो तो केवळ दयाळू आहे म्हणून नव्हे. दयेची किंमत कोणीतरी चुकविणार आहे हे त्याने ओळखले आणि ती दुसऱ्या कोणाच्या अंगातून कापून घेतली नाही, म्हणून तो थोर ठरतो.

तेव्हा आश्रयाच्या न्यायाचे दोन प्रश्न आहेत. दार कोणासाठी उघडावे, हा पहिला; आणि उघडलेल्या दाराचा खर्च कोणी सोसावा, हा दुसरा. आपल्या चर्चांत या दोहोंचा नेहमी गोंधळ होतो. दुसऱ्याचे उत्तर सापडत नाही म्हणून आपण पहिल्याचे उत्तर 'नाही' असे देऊन मोकळे होतो.

पहिल्या प्रश्नासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या गोमंतकात अंत्रूज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, हा आश्रयाच्या इतिहासाचा उघडा ग्रंथच आहे. १५४३ साली बारदेश आणि साष्टी हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. पुढे देवळे मोडण्याचा सपाटा सुरू झाला आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. त्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी आपले देव उचलले आणि खाडी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. उत्तरेस दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली महालातील नार्व्यास गेला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला हे सर्वश्रुत आहे. आज आपण नवस फेडायला जातो ती ही वैभवशाली देवस्थाने मुळात निर्वासितांच्या छावण्या होत्या, हे आपल्या ध्यानीही नसते. अनेक कुटुंबे तर तेथेही न थांबता कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली. या मासिकाच्या वाचकांत त्यांचे वंशज असतील.

आता विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, खाडीपलीकडचा तो मुलूख त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीचा होता. येणारे हिंदू, राज्य मुसलमानी. 'आपला माणूस' ही कसोटी लावली असती तर मंगेशाला प्रियोळात जागा मिळण्याचे कारण नव्हते. आदिलशहाचे अंतःकरण शिबीचे होते असे मी म्हणणार नाही. पोर्तुगीज त्याचे वैरी होते आणि ओसाड जमिनीला कसणारे हात मिळाले तर कोणत्याही राज्यकर्त्याला हवेच असतात. पण हेतू काही असो, मूर्ती घेऊन आलेल्या माणसांना कोणी परत नदीत ढकलले नाही. त्यांच्या मागे काय लागले होते, एवढे पुरेसे ठरले.

याच बांदिवड्यात दोनशे वर्षांनी दुसरा एक शरणागत आला आणि त्याची तऱ्हा अगदी निराळी होती. १७६३ साली हैदर अलीने बिदनूर घेतले आणि मग त्याची नजर शेजारच्या सौंद्याच्या राज्याकडे वळली. सौंद्याचा राजा कुटुंबकबिला आणि खजिना घेऊन पोर्तुगीजांच्या आश्रयास आला. पोर्तुगीजांनी त्याला ठेवून घेतले, तनखा बांधून दिला. त्याच्या घराण्याचा वाडा आजही बांदिवड्यात आहे. परंतु या आश्रयाचे मोल होते. राजाच्या घाटाखालच्या मुलखावर पोर्तुगीजांनी हात ठेवला आणि १७९१ च्या तहाने तो त्यांचा कायमचा झाला. गोव्याच्या 'नव्या काबिजादी'चा एक मोठा लचका अशा रीतीने एका शरणागताच्या झोळीतून निघाला आहे.

एकाच गावात दोन आश्रयाचे वारस नांदत आहेत. रामनाथाला घेऊन आलेल्यांजवळ भीतीखेरीज देण्यासारखे फारसे काही नसावे. राजाजवळ राज्य होते. राजाला दार उघडले ते त्याच्या हातात काय आहे हे पाहून. जगातील श्रीमंत देश आजही हेच करतात. गडगंज पैसा गुंतविणाऱ्याला कित्येक ठिकाणी वास्तव्याचा परवाना तत्परतेने मिळतो आणि होडीतून किनाऱ्याला लागलेल्याला तारेच्या कुंपणामागे बसविले जाते. पहिला व्यवहार आहे, आणि व्यवहाराला माझी हरकत नाही. फक्त त्याला आश्रय म्हणू नये.

मोल घेऊन दार उघडणे ही एक चूक, तर चेहरा पाहून उघडणे ही दुसरी. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा लाखो भारतीय रानावनांतून पायी मायदेशी निघाले. वाटेत किती मेले त्याची मोजदाद नाही. गोऱ्यांसाठी सोयीची वाट आणि काळ्यांसाठी खडतर वाट, असा भेद केल्याची तक्रार त्या वेळी आपल्या पुढाऱ्यांनी उघडपणे केली होती. मरण दोघांच्याही मागे सारखेच लागले होते. वाटा मात्र कातडीच्या रंगावरून ठरल्या.

आणि संख्येची सबब ही तिसरी चूक. १९३९ च्या मे महिन्यात 'सेंट लुईस' नावाचे जहाज हिटलरच्या जर्मनीतून ९३७ उतारू घेऊन क्यूबाकडे निघाले. त्यांतील बहुतेक सर्व ज्यू होते. क्यूबाने मूठभरांखेरीज कोणाला उतरू दिले नाही. अमेरिकेचा किनारा दिसत होता. अमेरिकेनेही घेतले नाही, कारण त्या वर्षाचा ठरलेला आकडा भरलेला होता. जहाज युरोपला परतले. उतारूंना चार देशांनी वाटून घेतले, पण त्यांतील तीन देश पुढे जर्मनांच्या टाचेखाली गेले आणि अडीचशेहून अधिक जण प्राणास मुकले. खंडप्राय अमेरिकेला हजारभर माणसे जड झाली असती काय? जो आकडा माणसाचे मरण पाहूनही हलत नाही, त्याला नियम म्हणावे की निमित्त, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५१ साली निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यात एक मूलभूत बंधन घालून घेण्यात आले ते अशाच अनुभवांपोटी: ज्या देशात माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला परत ढकलू नये.

आता एक समाधानाची आठवण सांगतो. ती महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ पासून १९४८ पर्यंत तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून जे लोक गाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानकडे धाडले, त्यांतील हे वाचलेले. इराणमार्गे ते हिंदुस्थानात आले. काही शेकडा मुलांना नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला ठेवून घेतले आणि मोठी वसाहत कोल्हापूर संस्थानात वसली. बराकी उभ्या राहिल्या, शाळा निघाल्या, चर्च झाले, नाटके झाली. पंचगंगेच्या काठी बर्फाळ देशातली मुले वाढली. त्यांतील काही म्हातारपणी कोल्हापूरला परत येऊन गेली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर-स्मारकाला पुष्पचक्र वाहिले.

कथा गोड आहे; तरीही आमच्या दहावीच्या मुलाने येथेही हात वर केला असता. त्याच १९४३ सालात बंगालमध्ये लोक अन्नान्न करीत लाखोंनी मरत होते. मग हजारो मैलांवरून आलेल्या परक्यांना दोन वेळचे जेवण कसे? त्याचे उत्तर असे की, वळिवड्याचा खर्च प्रामुख्याने लंडनमध्ये असलेल्या पोलंडच्या निर्वासित सरकारच्या माथी होता. कोल्हापूरने जागा दिली, हवा-पाणी दिले, शेजार दिला. पण कोल्हापूरच्या गरिबाच्या ताटातली भाकरी उचलली नाही. बंगालमधली उपासमार वळिवड्यामुळे झाली नव्हती आणि वळिवड्याची दारे बंद केली असती तर ती टळलीही नसती. त्या उपासमारीची कारणे युद्ध, साठेबाजी आणि परकीय सरकारची बेपर्वाई यांत शोधावी लागतात.

या कथेला एक पुढचा अध्यायही आहे. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीमुळे उखडलेले सिंधी लोक आले. आज गांधीनगर नावाने जी कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ कोल्हापूरकर आणि कोकणपट्टीचे व्यापारी ओळखतात, तिचा जन्म या बराकींत आहे. लग्नसराईत आमच्याकडचे दुकानदारही तेथून माल आणतात. काल जो आसरा मागत होता तो आज इतरांना रोजगार देतो. शिबीच्या तराजूत हे पारडे कोणी मोजीत नाही.

आता आपल्या देशाच्या आजच्या स्थितीकडे येऊ. १९५१ च्या करारावर किंवा त्याच्या १९६७ च्या पुरवणी मसुद्यावर भारताने सही केलेली नाही, आणि निर्वासित कोणाला म्हणावे हे सांगणारा स्वतःचा कायदाही केलेला नाही. २०१५ साली लोकसभेत एका सदस्याने खासगी विधेयक मांडले होते. ते कायदा होऊ शकले नाही. म्हणून आपल्याकडे आश्रय मिळतो तो त्या त्या वेळच्या धोरणाने. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांना आपण जमिनी दिल्या. गोव्याच्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला १९६६ पासून त्यांची वसाहत आहे आणि महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावलाही आहे. १९८३ नंतर श्रीलंकेतून आलेल्या तमिळांची हजारो कुटुंबे मात्र तमिळनाडूच्या छावण्यांत राहिली. तेथे जन्मलेल्या मुलांना आता मुले झाली. म्यानमारमधून आलेल्या रोहिंग्यांना सरकार निर्वासित न मानता बेकायदा घुसखोर मानते.

२०१९ साली नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी त्यात वाट मोकळी केली आहे. गोव्यातील पहिले प्रमाणपत्र ऑगस्ट २०२४ मध्ये एका वृद्ध गोमंतकीय ख्रिस्ती गृहस्थांना मिळाले आणि त्याचा आनंद सर्वांनाच झाला. या दुरुस्तीचे समर्थक म्हणतात की, त्या तीन देशांत हे समाज अल्पसंख्य आहेत, त्यांचा छळ झालेला आहे आणि त्यांना दुसरे घर नाही. हे खरे आहे. त्यांना दार उघडले याबद्दल माझी तक्रार नाही. माझी शंका दाराच्या मापाविषयी आहे. पाकिस्तानातच छळला जाणारा अहमदिया आणि श्रीलंकेचा तमिळ हे दोघेही या मापात बसत नाहीत. दोघांच्या मागे लागलेले संकट मोजून पाहिले आणि ते हलके भरले म्हणून नाकारले, असे झालेले नाही. त्यांना तराजूपर्यंत येऊच दिलेले नाही.

कोणी विचारील, 'तर मग येईल त्याला घ्यायचे काय? हेर, गुन्हेगार, केवळ चांगल्या कमाईच्या आशेने आलेला, सगळ्यांनाच?' नाही. याचा नमुनाही आपल्या घरात आहे. बिभीषण लंका सोडून रामाच्या छावणीपाशी आला, तेव्हा वाल्मीकीने एक सबंध सुनावणी वर्णिली आहे. सुग्रीव म्हणतो, हा शत्रूचा भाऊ, याचा विश्वास काय? अंगद म्हणतो, पारखून घ्या. जांबवंताला त्याची वेळ आणि जागा संशयास्पद वाटते. मैंद म्हणतो, त्याला प्रश्न विचारा. हनुमान त्याच्या बोलण्याचालण्यावरून अनुकूल मत देतो. राम सर्वांचे ऐकतो, मग निर्णय देतो. आणि वर सांगतो की, बिभीषणच काय, खुद्द रावण शरण आला असता तरी त्याला अभय मिळाले असते. बिभीषण उपयोगाचा होता हे खरे. पण रामाने उपयोग हा नियम केला नाही. चौकशी पूर्ण, शंका मोकळेपणी बोलून दाखवलेली, आणि निकाल सर्वांना सारख्याच लागू होणाऱ्या तत्त्वावर. आजच्या भाषेत यालाच कायदा म्हणतात. १९९६ साली अरुणाचलमधील चकमांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जीविताचे संरक्षण राज्यघटनेने नागरिकांपुरते ठेवलेले नाही, ते प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. तत्त्व आपल्यापाशी आहेच. ते राबविण्याची रीत तेवढी लिहून काढायची राहिली आहे.

आता त्या मुलाकडे परत जातो. त्याच्या वाड्यावरच्या जमिनीचा कागद आणि सीमेवर उभ्या असलेल्या परक्याचा अर्ज, या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत असे त्याला वाटते. मलाही त्या सभेत तसेच वाटले होते. पुष्कळ विचारांती मला उलटेच दिसू लागले आहे. परक्याला परत पाठविल्याने त्याच्या बापाच्या नावावर एक चौरस मीटरही चढणार नाही. आणि तो जो त्रास सोसतो आहे तो कोणता? कचेरीचे उंबरे झिजवायचे, 'पुढच्या महिन्यात या' ऐकायचे, निवडणूक आली की आश्वासन घ्यायचे आणि ती संपली की गप्प बसायचे. त्याचा हक्क कोणाच्या तरी मर्जीवर लोंबकळत आहे. छावणीतल्या तमिळाचेही नेमके हेच दुखणे आहे. दोघेही मर्जीचे बंदी आहेत. मर्जी आज एकाच्या बाजूची असेल, उद्या दुसऱ्याच्या. नियम असेल तर दोघांनाही समोर उभे राहून 'माझे काय?' असे विचारता येईल.

तेव्हा कबुतर परत द्यायचे का, या मुलीच्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. ससाण्याने उपाशी राहायचे का, या मुलाच्या प्रश्नालाही 'नाही' असेच आहे. मात्र शिबीचे मांस शिबीच्याच अंगचे हवे. आश्रयाचा भार सीमेलगतच्या एखाद्या गरीब तालुक्यावर टाकून राजधानीने उदारपणाची टाळी घेऊ नये. तो सगळ्या देशाने वाटून घ्यावा, ज्याच्या अंगावर अधिक मांस त्याने अधिक द्यावे. कथेत कबुतराचे पारडे पुन्हा पुन्हा जड होत जाते आणि शेवटी राजाला स्वतःलाच तराजूत बसावे लागते. आधी केलेला अंदाज चुकतो, खर्च वाढतो, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. तरीही त्याने राजाला पाय मागे घेऊ दिला नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नसावी. तंजावर असो, बडोदे असो, इंदूर असो की बेळगाव, आपल्या पूर्वजांपैकी कोणी फौजेबरोबर गेले, कोणी चाकरीसाठी, तर कोणी जीव मुठीत धरून. पुढे १९४६ ते १९६१ या काळात पोर्तुगीज पोलिसांचा ससेमिरा चुकवून आमच्या गोव्यातील कितीतरी मुक्तिसैनिक बेळगावात, सावंतवाडीत, मुंबईत राहिले. रात्री घाट चढून आलेल्याला तेथल्या कोणी 'तुझा आम्हाला उपयोग काय?' असे विचारले नाही. आपण सारेच कधी ना कधी कोणाच्या तरी ओसरीवर उभे राहिलेलो आहोत. पाऊस ओसरला की माणूस ते विसरतो, एवढेच.

मुलाला दिलेले पहिले बक्षीस परत घेण्याचा माझा विचार नाही. त्याचा प्रश्न खरा होता आणि खरा प्रश्न विचारणे हे वादविवादात सर्वांत अवघड काम असते. पण निकाल देताना परीक्षक म्हणून मी दोन वाक्ये अधिक बोलायला हवी होती आणि ती बोललो नाही. येत्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर ती बोलायची ठरविली आहेत. त्या दोघांनाही पुढे उभे करीन आणि सांगेन की, मुलांनो, तुमच्यातला वाद मिटलेला नाही; तुम्हा दोघांना मिळून तो तराजू तयार करायचा आहे.